मदत हवी आहे: बॅटरी स्वॅपिंगच्या रिक्षांचं मॉडेल, स्टेकहोल्डर कसे मांडू?

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टला पुण्यातल्या इलेक्ट्रिक रिक्षा आणि बॅटरी स्वॅपिंग (संपलेली बॅटरी स्टेशनवर देऊन भरलेली घ्यायची) असा विषय घेतलाय. अशी गाडी बाजारात यायला कोण कोण लागतं आणि एकाने काही ठरवलं की बाकीचे काय करतात हे नेटलोगो या सॉफ्टवेअरमध्ये एजंट बेस्ड मॉडेल (प्रत्येक घटक आपापल्या नियमाने वागतो असं) करून बघायचंय. आधी बास मॉडेल (नवी वस्तू बाजारात कशी पसरते याचं गणित) लावलं होतं पण त्यात 'जाहिरात बघून किंवा एकाचं बघून दुसरा घेतो' याच्यापुढे काही जात नाही, स्टेशनच नसेल तर कितीही बघितलं तरी घेणार कोण? म्हणून एजंट धरलेत रिक्षावाला, गाडी बनवणारी कंपनी, स्वॅपिंग ऑपरेटर, बँक आणि सरकार.

अडचण अशी की सबसिडी कमी ठेवली तर काहीच हलत नाही, ऑपरेटर म्हणतो रिक्षा नाहीत, रिक्षावाला म्हणतो स्टेशन नाही, आणि जरा वाढवली की दोन-तीन वर्षांत अख्खं शहर इलेक्ट्रिक! असं कुठे होतं का. गाईड म्हणतात पॅरामीटर ट्यून कर, पण नुसते आकडे फिरवून ग्राफ सरळ केला आणि व्हायवाला कोणी विचारलं तर काय सांगू.

दुसरं म्हणजे बॅटरीचं स्टँडर्ड. नीती आयोगाने एप्रिल २०२२ ला बॅटरी स्वॅपिंग धोरणाचा जो ड्राफ्ट काढला त्यात एका कंपनीची बॅटरी दुसरीकडे चालावी यावर भर होता, कंपन्यांचा मात्र त्याला विरोध. हे गेम थिअरीने वेगळं करू का यातच बसवू?

शिफ्टवाला: तुमचा 'रिक्षावाला' म्हणजे दोन माणसं आहेत हो. कितीतरी रिक्षा शिफ्टवर चालतात, गाडी आणि हप्ता मालकाचा, गॅस ड्रायव्हरच्या खिशातून. इलेक्ट्रिकने इंधनाचे पैसे वाचले तर ते ड्रायव्हरचे, महाग गाडी घ्यायची मालकाने, तो कशाला घेईल? शिफ्टचं भाडं वाढवता आलं तरच. आणि ते किती वाढेल हे ड्रायव्हरला दुसरा मालक सहज मिळतो का यावर. मालक, ड्रायव्हर आणि स्वतःची गाडी स्वतः चालवणारे असे तीन वेगळे करा, तिसरे आधी वळतील, मालक मागे राहतील, ग्राफ आपोआप अशी उडी मारायचा थांबेल. अजून एक, ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांना परमिट लागत नाही, म्हणजे ड्रायव्हर स्वतःच मालक होऊ शकतो, फक्त डाउन पेमेंट जमलं पाहिजे. हा रस्ता मॉडेलमध्ये हवाच.

हप्तेबाज: वरच्याला अनुमोदन. बँकेबद्दल सांगतो, मी कर्जाच्या कामात आहे. ऑगस्ट २०२० पासून बॅटरीशिवाय गाडी विकता आणि रजिस्टर करता येते, त्यामुळे किंमत उतरते हे खरं, पण हप्ते थकले आणि गाडी ओढून आणली तर बॅटरीशिवाय विकायची कोणाला? ऑपरेटर बंद पडला की ती भंगारच. म्हणून व्याजदर ठरलेला नका धरू, तो ऑपरेटर किती टिकेल आणि दुसऱ्याची बॅटरी त्या गाडीत बसेल का यावर ठेवा. तुमचं स्टँडर्ड इथेच आत येतं, वेगळी गेम थिअरी नको, आधी स्टँडर्डला चालू-बंद स्विच ठेवून दोन्ही रन बघा.

इस्रायलच्या बेटर प्लेस या स्वॅपिंग कंपनीचं वाचा. स्टेशनं उभी होती, पण स्वॅपिंगला चालणारी गाडी रेनॉची एकच, बाकी कंपन्या आल्याच नाहीत आणि मे २०१३ मध्ये दिवाळं. तैवानच्या गोगोरोने उलट केलं, स्कूटर स्वतः बनवल्या आणि मग यामाहासारख्यांना आपल्या बॅटरीवर घेतलं, यामाहाची ईसी-०५ २०१९ ची. तुमचं मॉडेल या दोन्हींसारखे निकाल वेगवेगळ्या नियमांनी देतं का बघा, व्हायवाला सांगायला तेवढं पुरेल.

धागाकर्ता: दोघांचे खूप आभार! मालक-ड्रायव्हर वेगळे करतोच. पण आकडे आणू कुठून? सरकारच्या 'वाहन' डॅशबोर्डवर आरटीओप्रमाणे, इंधनाप्रमाणे नोंदणी मिळते, गाडी शिफ्टवर आहे का हे त्यात नसतं.

शिफ्टवाला: सीएनजी पंपाच्या रांगेत जाऊन उभे रहा, तिथे सगळे मोकळेच असतात. 'इलेक्ट्रिक घ्याल का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. शिफ्टला किती देता, गाडी बिघडली तर खर्च कोणाचा आणि मालक शेवटचा कधी बदलला, एवढंच विचारा. चहा तुमच्याकडून.