मेंदूच्या वाढीतले दोष: कारणं शोधायला पैसा जनुकांवर लावायचा, दुधाच्या दातांवर की प्रसूतिगृहात?

मोजपट्टी
स्वमग्नता (ऑटिझम), अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता यांच्या कारणांवर जे संशोधन होतं, त्यातला मोठा पैसा जनुकतपासणीकडे जातो. माझं म्हणणं असं की त्यातला निदान निम्मा दुधाच्या दातांकडे वळवा.

कारण सांगतो. पटाशीचे दात गर्भातच, साधारण चौदाव्या आठवड्यापासून, कॅल्शियम धरू लागतात आणि झाडाच्या खोडासारखी रेघेवर रेघ चढत जाते. जन्माच्या वेळी एक ठळक रेघ उमटते, ती जन्मरेषा. तिच्या एका बाजूला गर्भातला काळ, दुसऱ्या बाजूला जन्मानंतरचा. दात उभा कापून घासायचा, इनॅमलच्या (वरच्या कठीण थराच्या) कडेकडेने डेंटिनवर, म्हणजे आतल्या थरावर, लेझरचे ठिपके मारत जायचं आणि उडालेली धूळ मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रात, सोडायची. शिसं, जस्त, मँगनीज कॅल्शियमच्या प्रमाणात मोजता येतं, तेही आठवड्यांच्या हिशेबाने. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाचं रक्त गर्भाबद्दल काही सांगत नाही. दात मात्र त्याच वयात आपणहून पडतो.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनीष अरोरांच्या गटाने २०१७ मध्ये स्वीडनमधल्या जुळ्यांचे दात असे तपासले. स्वमग्न मुलांच्या दातांत शिसं जास्त होतं, सर्वांत ठळकपणे जन्मानंतरच्या काळात, आणि गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत जस्त कमी होतं.

गुणसूत्र
साफ असहमत. त्या अभ्यासात जुळ्यांच्या जोड्या तीसेक. दुसऱ्या बाजूला डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या २० लाख मुलांच्या नोंदींवरचा २०१९ चा अभ्यास आहे. त्यात स्वमग्नतेच्या बाबतीत मुलामुलांत दिसणारा सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक निघाला.

शिवाय स्वमग्न मुलं माती, रंगाचे पोपडे तोंडात घालतात. मग शिसं कारण की परिणाम?

जनुकतपासणीत पैसा वाया जातो तो क्रम चुकल्यावर. सरसकट एक्झोम (जनुकांतल्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांचं वाचन) मागवला जातो आणि फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक अक्षमतेचा आनुवंशिक आजार हातचा सुटतो, कारण तिथे दोष सीजीजी या डीएनएच्या तीन अक्षरी तुकड्याच्या पुनरावृत्तीत असतो (२०० च्या वर गेली की आजार) आणि नेहमीच्या एक्झोममध्ये ती मोजली जात नाही. म्हणून आधी फ्रॅजाइल एक्स आणि मायक्रोअॅरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा वाढलेले तुकडे शोधणारी तपासणी), मग एक्झोम, आणि तोही आई-वडिलांच्या रक्तासह. एकट्या मुलाचा केला तर शेकडो बदल हाती येतात आणि त्यातला नव्याने उद्भवलेला कुठला ते कळत नाही. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं होतात, तिथे दोन्हीकडून आलेला एकच दोष शोधायला याहून चांगलं साधन नाही.

मोजपट्टी
आनुवंशिक म्हणजे परिस्थितीचा हात नाही, असं होत नाही. फिनाइलकीटोन्यूरिया पूर्णपणे जनुकांचा आजार आहे. तरी जन्मल्या जन्मल्या आहारातलं फिनाइलअॅलनिन (प्रथिनांमधला एक घटक) अगदी कमी केलं की मेंदू वाचतो. तो ८० टक्क्यांचा आकडा त्या पाच ठिकाणच्या परिस्थितीतला आहे. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट (शिशाचं संयुग) घातलेली हळद किंवा शिसं मिसळलेल्या स्वस्त कथिलाची कल्हई त्या मुलांच्या घरात नव्हती.

माती खाण्याची शंका रास्त आहे, आणि शिशाच्या बाबतीत ती मला पूर्ण खोडता येत नाही, कारण फरक मुख्यतः जन्मानंतरचा आहे. पण जन्मरेषेच्या आधीच्या जस्ताला ती लागू होत नाही. पोटातलं बाळ माती खात नाही.

गुणसूत्र
पण त्याच बाळाचं जस्त शोषणारं जनुक वेगळं असू शकतं. तेव्हा दात वाचलात तरी रक्त घ्यावंच लागेल.

नवजातकक्ष
तुम्ही दोघंही प्रसूतिगृह ओलांडून पुढे गेलात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांची ३,९६४ मुलं तपासली गेली. सुमारे १२ टक्के मुलांत मेंदूच्या वाढीचा एक तरी दोष होता. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी कोणत्या? घरी झालेली प्रसूती, जन्मताना गुदमरणं, नवजातपणीचं आजारपण, मेंदूचा संसर्ग, कमी वजन, खुंटलेली वाढ. याला लेझर लागत नाही.

तुलनागट
@नवजातकक्ष, 'जोडलेल्या' म्हणजे कारण नव्हे. भारत, श्रीलंका, बांगलादेशात गुदमरलेल्या ४०८ बाळांवर थंडाव्याच्या उपचाराची चाचणी झाली: बाळाचं शरीर ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसवर ठेवायचं. श्रीमंत देशांत हा उपचार मेंदू वाचवतो. इथे थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. यामागे एक शक्यता अशी की इथलं गुदमरणं कळांच्या आधीच, हळूहळू सुरू झालेलं असतं. म्हणजे 'जन्मताना गुदमरला' हे केसपेपरवरचे शब्द मूळ कारण झाकत असतील.

दातांबद्दलही माझी हरकत आहे. दात जपून ठेवणारं घर आणि न ठेवणारं घर सारखं नसतं, आणि घराघरातला असा फरकच कारणासारखा दिसू शकतो. पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ दरम्यान जन्मलेल्या जवळजवळ २५ लाख मुलांत, आईने गरोदरपणी ते घेतलं असेल तर स्वमग्नता किंचित जास्त दिसली. एकाच आईच्या मुलांची तुलना केल्यावर तो फरक गेला.

मोजपट्टी
त्यात पॅरासिटामॉल घेतल्याची नोंद साडेसात टक्के आयांचीच होती. इतर देशांतल्या पाहण्यांत निम्म्याच्या आसपास बायका ते घेतात. नोंद अशी अपुरी असली की भावंडांची तुलना करताना खरा परिणामही दबतो.

तुलनागट
मान्य, आणि म्हणूनच दात पडल्यावर मुलं शोधत बसू नका. नाव जन्मालाच नोंदवा. नाळेचा तुकडा दोन्हीकडून चिमटे लावून ठेवायचा, हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सिरिंजने धमनीतलं रक्त घ्यायचं आणि अर्ध्या तासात पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता, बघायचा. सातच्या खाली गेला तर गुदमरणं खरंच झालं होतं. सोबत टाचेच्या रक्ताचं कार्ड आणि आई-वडिलांचं रक्त. सहा वर्षांनी त्याच मुलाचा दात. धातू मोजणाऱ्याने, जनुकं वाचणाऱ्याने आणि वॉर्डातल्या डॉक्टरने नमुना घेण्याआधी एकत्र बसायला हवं, कारण चुकीच्या नळीतलं रक्त नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

नवजातकक्ष
रात्री तीन वाजता एका परिचारिकेकडे चार बाळंतिणी असतात. अर्ध्या तासात पीएच कोण बघणार? त्या कामाला वेगळा माणूस आणि त्याचा पगार प्रस्तावात धरला असेल तरच माझी संमती.

मोजपट्टी
धरावाच लागेल. निम्म्या पैशाचा हट्टही सोडतो. एवढंच पाळा: दात कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, धातूच्या डबीत नाही, फॉर्मॅलिनमध्ये तर नाहीच. वर कुठला दात ते लिहा. पटाशीचा आणि दाढेचा काळ वेगळा असतो, आणि किडलेल्या दाताचं माप धरू नका.