पट्टी घरी ठेवा: इमारती रेखाटणाऱ्यांचे अनुभव

मंडळी, चतुर्थी झाली, पाऊस ओसरतोय. आमच्या ओळखीतले सात-आठ जण या दिवसांत वही-पेन्सिल घेऊन कुठेतरी फतकल मारून बसलेले सापडतात. समोर एखादं देऊळ, कपेल (छोटं चर्च), नाहीतर नुसतं कौलारू घर. यातलं कुणीही चित्रकार नाही. पट्टी नाही, खोडरबर शक्यतो नाही आणि फोटोवरून नक्कल तर नाहीच. २००७ साली गॅब्रिएल कंपनारिओ यांनी सिॲटलमध्ये ‘अर्बन स्केचर्स’ हा रेखाटणाऱ्यांचा गट सुरू केला, त्यांचाही आग्रह हाच: जागेवर बसा, समोर बघा, काढा. तुम्ही काय काढलंत, कुठे बसलात, काय फसलं? फसलेलं आधी सांगा. सुरुवात मीच करतो.

पणजी, धागा काढणारा

फोंतेन्यासला, १८१८ च्या सेंट सेबॅस्टियन कपेलाजवळ एक घर मनात भरलं होतं. गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही. पाठ भिंतीला टेकवली आणि छपरापासून सुरुवात केली, कारण कौलांवरचा कोंबडा मला फार आवडला होता. कोंबडा झाला, कौलं झाली, लोखंडी कठड्याचा सज्जा झाला, खिडक्या झाल्या. तेवढ्यात वरून आवाज: “हांगा फोटो काडूं नाकात!” त्यांचं बरोबरच होतं. दिवसभर लोक त्यांच्या पायरीवर उभे राहून फोटो काढतात. मी वही वर धरून दाखवली. माय खाली आल्या, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “दार ना? मागीर हांव भायर कशी सरूं?” (दार नाही? मग मी बाहेर कशी पडू?)

कागद संपला होता. दाराला जागाच उरली नव्हती.

तेव्हापासून आधी जमिनीची रेघ आणि दार, मग वर. कोंबडा कितीही खुणावो, शेवटी.

जुनें गोवें, निवृत्त शिक्षक

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. वर्गात यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवलं की पोरांच्या सगळ्या रेषा लोपबिंदूला बिनचूक मिळायच्या. तीच पोरं इमारतीसमोर नेली की खिडक्या मोजत बसायची. म्हणून आधी से कॅथेड्रल. तिचा एक मनोरा १७७६ साली पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. दोन्ही बाजू सारख्या काढायची कटकट मिटली.

बॉम जीझस चर्चचं तोंड मात्र नवशिक्यांनी टाळावं. गिलावा नाही, चिरा उघडा, त्यामुळे चिरा न चिरा काढायला हात शिवशिवतो. तसं केलं की चित्राला देवी आल्यासारखी दिसते. कोपऱ्यात पाच-सहा चिरे, सावलीच्या कडेला दोन-तीन, बास. बाकीचे बघणाऱ्याचे डोळे भरून घेतात.

सगळ्यात सोपा सेंट ऑगस्टीनचा मनोरा. १९३१ मध्ये तो अर्धा कोसळला. उरलेल्याची कड इतकी दातेरी की तुमची रेष थरथरली तरी कुणाला पत्ता लागत नाही. उंची मात्र फसवते, ४६ मीटर आहे. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत एका माणसाची उंची पकडा आणि तेच माप वर वर मोजत न्या. माणूस मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा असला पाहिजे, एवढं लक्षात ठेवा. मी एकदा माझ्यापासून दहा पावलांवरच्या आइस्क्रीमवाल्याचं माप घेतलं. मनोरा दुमजली झाला. विद्यार्थी बरोबर होते, अजून आठवण काढतात.

प्रियोळ

आमच्याकडे हा खेळ आहे, कला वगैरे नाही. रविवारी मंगेशीच्या आवारात मी आणि माझी मुलगी (वय नऊ). पहिली फेरी: वहीकडे बघायचंच नाही, डोळा देवळाच्या कडेवरून फिरेल तसा हात चालवायचा. दुसरी: पेन उचलायचं नाही. तिसरी: डाव्या हाताने. तिसरीत मी नेहमी हरते, कारण ती डावखुरी आहे आणि हे तिने मला बरेच दिवस कळू दिलं नाही. (आई असून मला कळलं नाही? तर ती जेवते उजव्या हाताने, आजीच्या धाकाने.)

तिथला दीपस्तंभ सात मजली. न बघता काढला की तिचे नऊ होतात, माझे पाच. प्रत्येक मजल्यावरच्या दिव्यांच्या कोनाड्यांत डोळा अडकतो आणि मोजणी चुकते. एका आजोबांनी आमच्यामागे उभं राहून सगळे मजले मोठ्याने मोजून दाखवले. त्यांचेही आठ भरले.

पर्वरी

मी ड्राफ्ट्समन. रोज संगणकावर भिंती काढतो, मिलिमीटर चुकला तर बोलणी खातो. सुट्टीच्या दिवशी वाकडी रेष काढायला बसलो तर हात ऐकेना, सगळं नकाशासारखं. आता बॉलपेन शेंड्याला धरतो, टोकापासून लांब. मग हाताची हुकूमत उरत नाही.

सांगे

तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं देऊळ, काळ्या बेसाल्टचं. मागे पावसाळी रान, तेही जवळजवळ काळं. ६बी पेन्सिल निम्मी संपली आणि कागदावर एक मोठा डाग. जळू चढली ती वेगळीच.

ताळगाव

पावसाबद्दल माझंही ऐका. कांपालला वास्तुकार चार्ल्स कुरियांची कला अकादमी काढत होतो. इमारत अशी की उंची म्हणून काही नाही, नुसत्या आडव्या रेषा आणि मधली मोकळी जागा, ती काढणार कशी? कशीबशी जमली तर सर आली. शाईच्या पेनाने काढलेलं सगळं मांडवीत गेल्यासारखं पसरलं. घरी वाळत घातलं होतं, बायकोने त्यावर गरम पातेलं ठेवलं. तिचा दोष नाही, चित्र कुठलं आणि डाग कुठला ते मलाही सांगता आलं नसतं.

पावसाळ्यात आपल्याकडे कोरडा कागदही दमट असतो, शाई फुटते. जून ते सप्टेंबर बॉलपेन वापरा.

मडगाव

मी वरच्या नियमात बसत नाही, कारण माझी इमारत आता जागेवरच नाही. आजोळचं घर, चिऱ्यांचं, मध्ये राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण), दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं होती. ते विकलं, पाडलं. शाळेत स्मरणचित्रात मला कधी बरे गुण पडले नाहीत, तरी काढायला घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं.

तिथून भांडण सुरू. तुळस राजांगणात मधोमध होती की विहिरीच्या बाजूला सरकलेली? मामा म्हणतो, मधोमध. मावशी म्हणते, तू कधी पाणी घातलंस का तिला? माळ्याचा जिना डावीकडे, यावर सगळ्यांचं एकमत, म्हणून मीच गप्प बसले. माझ्या आठवणीत तो उजवीकडे आहे. आता पाचवी आवृत्ती चालू आहे. दर्शनी पायऱ्यांवर गाडी अडलीय: मामाच्या पाच, मावशीच्या सात. तेवढी जागा कोरी ठेवली आहे. पुढच्या महिन्यात मुंबईहून थोरली मावशी येते आहे, ती त्या पायऱ्यांवरून पडली होती.