१९६५ च्या एमजीबीत नवं कार्पेट: खाली नमदा घालू की फोम? आणि फ्लोअरला चिकटवू की नको?

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे, कारण मृग तोंडावर आलाय. काकांची १९६५ ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश गाडी) नाशिकला आमच्या पार्किंगमध्ये आतून पूर्ण मोकळी करून ठेवली आहे. नवं कार्पेट इंग्लंडहून मागवलंय, कापून शिवलेल्या तुकड्यांचा संच: टनेलचे (मधला गिअरबॉक्सवरचा उंचवटा), सिलचे (दारांखालची पत्र्याची तुळई), चाकांच्या कमानींचे, सीटमागच्या भागाचा आणि दोन्ही बाजूंच्या फ्लोअरचे. कडांना गोट आहे, ड्रायव्हरच्या टाचेखाली रबरी पट्टी आहे. पॅडिंग मात्र संचात नाही, ते इथेच घ्यायचंय आणि घोडं तिथेच अडलंय.

आधी ज्यूटचा नमदा (जाड फेल्ट) होता. ड्रायव्हरच्या बाजूचा तुकडा उचलला तर वरून कोरडा, खालून गच्च ओला. पिळल्यावर तांबडं पाणी निघालं. पत्र्यावर गंजाचे पापुद्रे होते, पण स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, कुठेही आरपार गेला नाही. सिल शाबूत आहेत हे मोठंच काम झालं. या गाडीला वेगळी चॅसी नाही, भार सगळा त्यांच्यावर. आता घासून, रस्ट कन्व्हर्टर आणि वर एपॉक्सी प्रायमर मारून झालाय.

इथल्या द्वारका चौकाजवळच्या एका कार डेकोरवाल्या दादांना दाखवलं. ते म्हणाले, "खाली डांबरी शीट, वर जाड फोम, वर कार्पेट, सगळं सोल्युशनने पॅक करून देतो. परत हात लावायला नको." हात चांगला आहे त्यांचा, शिलाई पाहिली आहे मी. पण मन घेत नाही. उघड्या टपाची गाडी. त्र्यंबक रोडला सर आली की टप चढवेपर्यंत थोडं पाणी आत येणारच. चिकटवलेल्या कार्पेटखाली ते शिरलं तर बाहेर कसं येणार? दुसरीकडे, पॅडिंगच नसेल तर टनेलची धग पायाला लागते. काका पंचाहत्तरीचे आहेत, त्यांना गाडी सुखाने चालवता यावी एवढीच इच्छा आहे. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद: देवळालीकर

तुमची शंका अगदी रास्त आहे. फ्लोअरचे तुकडे अजिबात चिकटवू नका. टनेल, कमानी, सिल एवढंच चिकटवायचं. फ्लोअरला टिचबटणं लावा, म्हणजे भिजलं की टर्रकन काढून दोरीवर वाळत टाकता येतं.

पॅडिंगसाठी नमदा नको, तो पाणी धरून ठेवतो. बंद छिद्रांचा क्रॉसलिंक फोम घ्या. पत्र्याच्या शेडखाली उष्णतेसाठी लावतात तोच, एका बाजूला अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेला. अंबड-सातपूरकडे इन्सुलेशनच्या मालाची चौकशी करा. जाडी बेताचीच ठेवा. अॅक्सिलरेटरखाली कार्पेट फुगलं तर पेडल पूर्ण दबत नाही, आणि कड पेडलमध्ये अडकली तर जिवाशी खेळ. सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या रनरखाली लाकडी पट्ट्या असतात, त्यांच्याखाली फोम घालू नका. तो दबला की बोल्ट ढिले पडतात.

पण या सगळ्याच्या आधी, ते पाणी आलं कुठून ते शोधा! तुमचा नमदा खालून ओला होता, म्हणजे टपावरच बोट ठेवून चालणार नाही. काचेसमोरच्या जाळीतून हीटरसाठी हवा आत येते, त्या कप्प्याचं पाणी एका रबरी नळीने गाडीखाली उतरतं. नळीत पालापाचोळा अडकला की पाणी पायाशी येतं. जाळीवर तांब्याभर पाणी ओता, एक जण खाली वाकून बघा. क्लचच्या मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) पेडलकडच्या टोकालाही बोट लावून पाहा. तिथून गळणारं ब्रेक ऑइल पेडलवरून उतरतं आणि खालचा रंगही सोलून काढतं. हे दोन्ही मिटल्याशिवाय नवा तुकडा आत जाऊ देऊ नका.

प्रतिसाद: जुनी गाडी

वरच्याशी सहमत. थोडी भर. संच घड्या घालून आला असेल तर आधी उन्हात पसरा. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ चालेल. दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच टेकवा, आणि दारं उघडी ठेवा, वाफ डोक्यात जाते.

कार्पेटमधून ड्रिल कधीही चालवू नका. धागा बिटला गुंडाळतो आणि टोकापर्यंत उसवत जातो. खालच्या भोकातून टोचा वर काढून जागा पक्की करा. कार्पेट नायलॉनचं असेल तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडा, कड आपोआप बंद होते. लोकरीचं असेल तर चामड्याचा पंच वापरा.

तुमच्या सालच्या गाडीत गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची कांडी) टनेलवरच्या रबरी बुचाखाली आहे. तिथे कार्पेटला चीर द्यायला विसरू नका. सीटमागच्या झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, तो तुकडा वेल्क्रोवर ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. नळीतून थेंबभरच खाली आलं आणि बाकीचं ड्रायव्हरच्या पायाशी. नळी काढली तर आत कुजलेल्या पानांचा लगदा. मास्टर सिलिंडर कोरडा आहे. डेकोरवाल्या दादांनाही फ्लोअरचं पटलं, ते टिचबटणं बसवून देतायत.

आता एकच विचारायचंय: ती नळी पूर्ण कडक झालीय. तिच्या मापाची साधी रेडिएटरची नळी चालेल का, की खालचं टोक दाबलेलं असतं तशीच मूळ नळी हवी? कोणी बदलली असेल तर सांगा, तोवर कार्पेट गुंडाळूनच ठेवतो.