बाळाला घेऊन गोधडीच्या ग्रुपला गेलं तर चालेल का? (वाकड)

वाकडची_आई: मैत्रिणींनो, माझी मुलगी तीन महिन्यांची आहे. आई साताऱ्याला परत गेली, नवरा हिंजवडीला ऑफिसात, दिवसभर आम्ही दोघीच आणि संध्याकाळ झाली की उगाचच रडू येतं. सोसायटीतल्या काही काकू दुपारी क्लबहाऊसमध्ये गोधड्या शिवतात, क्रोशे करतात, त्यातल्या एकीने लिफ्टमध्ये 'बाळाला घेऊन ये' म्हणून सांगितलं. मला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही, घरचे म्हणतात आराम कर. कुणी गेलंय का असं?

क्रोशेवाली_कोथरूड: अगं जाच! शिवणं येत नसलं तरी चालतं, गोधडीला नुसता धावदोरा घालायचा असतो, चौघी चार बाजूंनी बसतात. खरी गंमत म्हणजे हात कामात असले, नजर टाक्यावर असली की एरवी तोंडातून न निघणारं बोललं जातं, मी सिझेरियननंतरचं सगळं तिथेच बोलले, आईलाही सांगितलं नव्हतं. बाळ रडलं तर कुणीतरी उचलतंच, तू निवांत दूध पाज. क्रोशे आधी शिक, एकच सुई, मध्येच टाकून उठलं तरी टाका फारसा उसवत नाही.

पेठेतली_आजी: आमच्या वेळी बाळंतविडा असाच व्हायचा, कुंची एकीची, झबली दुसरीची, दुपटी तिसरीची. पोरी, लोकर तुळशीबागेत मिळेल, पण बाळासाठी केसाळ लोकर घेऊ नकोस, तोंडात जाते. आणि सुया मोजून ठेवायच्या बरं का.

नर्सताई: जा नक्की, पण एक सांगते. बाळंतपणानंतरचं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं, तुला तीन महिने झालेत. म्हणून ग्रुपला जाच आणि या आठवड्यात डॉक्टरांनाही स्पष्ट सांग, उपचार असतात, अंगावर पाजतानाही चालणारी औषधं असतात. झोप उडाली, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं तर थांबू नकोस, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

वाकडची_आई: थँक्यू सगळ्यांना, वाचूनच रडले. नवऱ्याला दाखवलं, उद्याची डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. ग्रुपला शुक्रवारी जाते. गोधडीसाठी आईची जुनी इरकल साडी नेऊ का?

पेठेतली_आजी: इरकल राहू दे गं कपाटात. घरात नेसून, धुऊन मऊ झालेली साधी सुती आण, काठ काढून टाकू, टोचतात. आणि गोधडी बाळाला पांघरायला नको हं एवढ्यात, पालथं घालायला खाली अंथर.