पाणी फिरवून मासे वाढवणं: बचत की विजेवरची उधारी?

काठावरचा (धागाकर्ता):
आरएएस, म्हणजे तेच पाणी शुद्ध करून पुन्हा टाकीत सोडायची मत्स्यपालन पद्धत. ‘पाण्याची ९० टक्क्यांहून जास्त बचत’ एवढं ऐकलं की लोक भारावतात. पण तळ्यात ऊन, शेवाळ आणि चिखलातले जीवाणू जे काम फुकट करतात, त्यासाठी इथे पंप आणि ब्लोअर रात्रंदिवस चालतात. दाट साठवणीच्या टाकीत ऑक्सिजन बंद पडला की काही मिनिटांत मासे वर येऊन तोंड मारायला लागतात आणि तासाभरात टाकीतले सगळे मासे मरू शकतात. याला शाश्वत कसं म्हणायचं?

जाळीदार:
फुकट कसलं? तळ्यातलं घाण पाणी शेवटी ओढ्या-नदीत जातं, त्याचा हिशेब कोण ठेवतं? इथे ड्रम फिल्टर विष्ठा गाळून बाजूला काढतो, तिचं खत होतं. समुद्रातल्या पिंजऱ्यांसारखे मासे निसटतही नाहीत. आणि जनरेटर, ऑक्सिजन सिलिंडर न ठेवता प्रकल्प उभारला, तर दोष उभारणाऱ्याचा.

काठावरचा:
म्हणजे विजेच्या जोडीला डिझेलही आलं!

सूक्ष्मा:
तुम्ही दोघं यंत्रांवर भांडताय, पण सगळा डोलारा जीवाणूंवर उभा आहे. एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातलं नायट्रोजन, माशांना विषारी) पाण्यात उतरतं. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जीवाणू बायोफिल्टरमध्ये, म्हणजे त्यांनाच वाढवायच्या गाळणीत, नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, गार पाण्यात आणखी जास्त. तेवढा धीर कुणाला नसतो. घाईने मासे सोडले की नायट्राइट चढतं, रक्त आणि कल्ले तपकिरी पडतात, पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मीठ घातलं तर क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडतं, पण तो तात्पुरता इलाज. शिवाय हे जीवाणू पाण्याची क्षारता (आम्ल पचवायची ताकद) खातात, म्हणून खायचा सोडा सतत घालावा लागतो. रोज पाणी तपासणाऱ्यालाच ही पद्धत झेपते. अशांसाठी मी ठामपणे तिच्या बाजूने आहे.

काठावरचा:
मग मातकट चवीचं काय? पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं मातकट वासाचं द्रव्य सोडतात, ते मांसात मुरतं. ते घालवायला विक्रीआधी मासे उपाशी ठेवून कित्येक दिवस ताज्या पाण्यात सोडावे लागतात. ते पाणी बचतीत धरलंय का?

जाळीदार:
बऱ्याच जाहिरातींत धरत नाहीत, हे मान्य. धरायलाच हवं. पण मातकट चव तळ्यातल्या माशालाही लागतेच. दोन्हीकडचं पाणी किलोमागे मोजा आणि मांडा. तरीही आरएएस पुढेच राहील.

काठावरचा:
मांडूया. पण त्याच तक्त्यात किलोमागची वीजही हवी.