१२ बाय ८ च्या फ्रेममध्ये बाबांची टोपी कापली गेली, काय करू?

पाचपाखाडीकर:
आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर मोबाइलने आडवा काढलेला फोटो आहे, दोघं पायापर्यंत दिसतात, दोन्ही बाजूंना तलाव. जांभळी नाक्यावरून १२ बाय ८ ची फ्रेम आणली आणि लॅबमध्ये फाइल दिली. प्रिंट आली ती बाबांची टोपी अर्धी आणि आईच्या पैठणीचा खालचा काठ गायब! काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते ऑटोमॅटिक बसतं." शिवाय प्रिंट जरा फुटल्यासारखी दिसते. रविवारी सगळे जमणार आहेत.

नवा_कॅमेरावाला:
फाइल ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) करून द्या, सुटेल.

लॅबकाका_नौपाडा:
नाही सुटणार. तो आकडा बदलल्याने एक पिक्सेलही वाढत नाही. चहात पाणी ओतून कप भरल्यासारखं आहे ते.

मी २६ वर्षं लॅबमध्ये काढली. रोलची निगेटिव्ह ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ३:२. पोस्टकार्ड साइज ६ बाय ४ आणि तुमची १२ बाय ८, दोन्ही त्याच मापातली. मोबाइलचा फोटो मात्र बहुतेक ४:३. तुमचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा असेल, तर १२ बाय ८ भरून काढताना उंचीतले ३३३ पिक्सेल जातात. नववा हिस्सा! टोपी आणि काठ तिथेच गेले. मुलाने निदान विचारायला हवं होतं. १० बाय ८ ची फ्रेम असती तर बाजूचे २५० गेले असते, म्हणजे थोडा तलाव. तलावाची कोणी तक्रार करत नाही.

आता फ्रेम आणलीच आहे, तर कॉम्प्युटरवर ३६०० बाय २४०० पिक्सेलचा पांढरा कोरा कॅनव्हास घ्या आणि त्यावर फोटो २८०० बाय २१०० करून मधोमध ठेवा. वर-खाली अर्धा इंच पांढरं राहील, त्यातलं पाव इंच फ्रेमच्या कडेखाली जाईल. बाजूंना जास्त राहील, ते माउंटसारखं (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसारखं) छान दिसतं. गिंप या फोटो एडिटरमध्ये होतं, फुकट आहे. लॅबला सांगा, "क्रॉप नको, आहे तसं काढा."

पहाटेचा फोटो आहे, स्क्रीनपेक्षा कागदावर काळपट येईल. आधी एक पोस्टकार्ड काढून बघा.

ऐरोलीची_स्वाती:
फुटल्यासारखी म्हणजे फाइल फॅमिली ग्रुपवरून घेतलीत का? तिथे फोटो बारीक होतो. लांब बाजू १६०० पिक्सेलची असेल तर १२ इंचांत इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल येतात. ज्याने काढला त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

पाचपाखाडीकर:
बघितलं, १६०० बाय १२०० च निघाली! धाकट्या भावाकडून मूळ फाइल मागवली, ती ४००० बाय ३०००. काकांच्या मापाने कॅनव्हास केला, पोस्टकार्ड काळं आलं म्हणून थोडा उजेड वाढवला आणि काल प्रिंट आणली. टोपी पूर्ण, काठ पूर्ण. आईने फ्रेम हातात घेतली, काठ बघितला आणि म्हणाली, "माझं पोट एवढं आहे का गं?"

लॅबकाका_नौपाडा:
त्याला क्रॉप चालत नाही.