एक्समधून ३ वजा केले तर ग्राफ उजवीकडे का सरकतो?

अकरावी_सायन्स: वाय = एक्सचा वर्ग, याला शेवटी + ३ केलं की अख्खा पॅराबोला (तो यू आकाराचा ग्राफ) ३ ने वर जातो, हे लगेच पटतं. पण (एक्स − ३) चा वर्ग घेतला की तो उजवीकडे जातो, वजा आहे तर डावीकडे जायला हवा ना? सगळे म्हणतात कंसात उलटं होतं, पाठ कर. मला पाठ नाही करायचंय, कारण हवंय, कोणी नीट सांगेल का प्लीज

आलेखवेडा: पाठ करूच नकोस, किमती घालून बघ. साध्या वर्गाला ० ही किंमत एक्स = ० ला मिळते. आता कंस शून्य कधी होतो? एक्स = ३ ला. आधी ४ ही उंची एक्स = २ ला मिळायची, आता कंसात २ यायला एक्स ५ लागतो. म्हणजे फंक्शनकडे पोचायच्या आधीच एक्समधले ३ कापले जातायत, म्हणून तीच उंची गाठायला एक्सला ३ जास्त घेऊन यावं लागतं, आणि हे एकूणएक बिंदूला लागू आहे म्हणून सगळा ग्राफ उजवीकडे. बाहेरचे + ३ मात्र वर्ग करून झाल्यावर मिळतात, ते थेट उंचीत जातात.

शिरोबिंदू: वरचं बरोबरच आहे, पण मुळात उलटं काहीच नाहीये! वाय = एक्सचा वर्ग + ३ हे वाय − ३ = एक्सचा वर्ग असं लिही. आता वायमधून ३ वजा आणि ग्राफ वर, एक्समधून ३ वजा आणि ग्राफ उजवीकडे, दोन्हीकडे नियम एकच. वर्तुळाचं समीकरण आठव, (एक्स − ३) चा वर्ग + (वाय − २) चा वर्ग = २५, केंद्र (३, २). तिथे कुणाला काही उलटं वाटत नाही.

अकरावी_सायन्स: अरे वा, हे असं कोणी दाखवलंच नव्हतं, थँक्यू दोघांनाही 🙏 मग (२एक्स − ६) चा वर्ग ६ ने सरकणार का?

आलेखवेडा: नाही, ३ नेच. कंस शून्य कुठे होतो ते बघ, एक्स = ३. आधी २ कॉमन काढायचा, २(एक्स − ३), मग सरकणं वाचायचं. साइन (२एक्स − पाय/३) मध्ये पण हेच, साइन २एक्सचा ग्राफ पाय/६ ने उजवीकडे जातो, पाय/३ ने नाही. परीक्षेत इथेच मार्क जातात त्यामुळे कॉमन काढायचा कंटाळा करू नकोस.

शिरोबिंदू: एक गंमत पण करून बघ. वाय = २एक्स ही रेषा १ ने डावीकडे सरकव, २(एक्स + १) म्हणजे २एक्स + २, म्हणजे तीच रेषा २ ने वर! नुसती रेषा बघून ती कुठल्या बाजूने सरकली हे सांगताच येत नाही. पॅराबोलाला हे जमत नाही, त्याचा शिरोबिंदू, म्हणजे वळणाचं टोक, लगेच जागा सांगतो. आता २ चा एक्सवा घात घे, ३ ने डावीकडे सरकव आणि काय मिळतं ते इथे लिही.

अकरावी_सायन्स: २ चा (एक्स + ३) वा घात, म्हणजे ८ गुणिले मूळचाच. सरकवणं आणि ८ पट ताणणं एकच??

शिरोबिंदू: हो, बरोब्बर.